ळपासून सुरू होणारा शब्द

१

चार वाजता चहा आणि चहाबरोबर अक्षरं, हा देवस्थळींच्या घरातला लग्नापासूनचा नेम. एकाने तीन अक्षरं द्यायची, दुसऱ्याने ती तिन्ही पोटात असलेला शब्द सांगायचा. काना, मात्रा, वेलांटी ज्याची त्याने लावून घ्यायची. नंदकिशोरांनी र, व, ळ दिले की रत्नप्रभा म्हणायची हिरवळ. मग ते चहाचा घोट घेऊन सांगायचे, वारूळ, विरळ, दरवळ. तुझ्या एकाला माझे तीन. ज्याला शब्द सुचला नाही त्याने कपबशा विसळायच्या. बदलीच्या नोकरीत घरं बदलली, पडद्यांची मापं बदलली, पण नेम काही बदलला नाही.

नंदकिशोर विमा कंपनीत अधिकारी. जयपूरला बदली झाली आणि तिलक नगरात वरच्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. जेवणाच्या टेबलाशी बसलं की खिडकीतून मोती डुंगरीची टेकडी दिसायची आणि खाली बिर्ला मंदिराचा पांढराशुभ्र संगमरवर. शहर त्यांना आवडलं. तक्रार एकच, की इथल्या पाट्यांवर ळ नव्हता. रंगाऱ्याने त्यांच्याही दारावर ऐटीत 'देवस्थली' रंगवून ठेवलं होतं. ळ बिचारा शेवटच्या बाकावरचा, ते म्हणायचे. मराठीत त्याला कधी शब्दाच्या पुढे बसू दिलं नाही आणि इथे तर पटावरून नावच काढलं.

मग उन्हाळ्यातल्या एका सकाळी ते उठले ते उजवी बाजू लुळी होऊन, आणि वाचा गेलेली. पाय थोडाफार आधाराने टेकू लागला, हात नाही. कळत सगळं होतं. डोळे बोलायचे, तोंडातून मात्र शब्द येत नव्हता.

रत्नप्रभाला जन्मात त्यांनी नावाने हाक मारलेली नव्हती. हाक म्हणजे 'अगं'. चष्मा सापडेना, अगं. पाऊस आला बघ, अगं. त्या दोन अक्षरांत ती इतकी वर्षं राहिली होती, आणि आता घरात कुणीच ती म्हणत नसल्यामुळे तिला आपण कुठे ठेवलेल्या आहोत तेच आठवेनासं झालं होतं. नवरा पुन्हा ऑफिसला जावा, असलं काही तिला नको होतं. एकदा 'अगं' ऐकायचं होतं, बस्स.

२

बोलणं शिकवायला रुचिता येऊ लागली. गोपालपुऱ्याहून स्कूटरवर यायची. आईवडील नागपूरचे, हिचा जन्म जयपूरचा. मराठी बोलायची, पण हिंदीचा टेकू घेत घेत. अक्षरांच्या खेळाचं ऐकून ती खूश झाली आणि पुढच्या खेपेला लहान मुलांच्या लाकडी अक्षरांचा डबा घेऊनच आली. बोटं हलली की डोकं हलेल आणि मागोमाग जीभही येईल, असं तिचं म्हणणं.

रत्नप्रभा नवऱ्याच्या डाव्या हाताला बसली. त्यांच्यापुढे तिने स आणि क ठेवला आणि डब्यात ळ शोधू लागली. तो असणार कुठून, डबा हिंदीचा. रुचिताला काय बिनसलं तेच कळेना.

"ल लावून टाका ना, काकू. मतलब, सकाल. मी तर तसंच बोलते."

दुधाची तहान ताकावर म्हणून रत्नप्रभाने ल ठेवला. नंदकिशोरांनी डाव्या हाताच्या बोटाने तो हळूच बाजूला सारला आणि रिकाम्या जागेवर बोट टेकवून बसून राहिले.

तेव्हा तिने डब्यातून ञ काढला. त्याच्यावाचून तसं कुणाचंच फारसं अडत नाही. तो पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या मार्करने ठसठशीत ळ काढला. नंदकिशोर त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. हरवलेला माणूस फलाटावर दिसावा तसे त्यांचे डोळे झाले. मग त्यांनी तो स आणि क यांच्या शेजारी नीट लावला, ओठ हलवले, आणि जाड, ओल्या आवाजात म्हणाले, "सकाळ."

उन्हं कलली होती, पण रत्नप्रभाच्या दृष्टीने ती सकाळच. ती पदराला डोळे पुसत राहिली, आणि रुचिताचेही डोळे भरले.

३

त्यानंतर शब्द येत गेले. फळ, वेळ, जवळ. टेबलाशी बसलं की यायचे, उठलं की जायचे. बंगलोरहून मुलीचा, प्रणिताचा फोन आला की रत्नप्रभा तो त्यांच्या कानाशी धरायची, आणि बाप नुसता श्वास घेत राहायचा. अ आणि ग तर ती रोज त्यांच्यापुढे मांडत होती. ते बघायचे, तिच्याकडे केविलवाणं हसायचे आणि दुसरीकडे मान वळवायचे.

टेबलाची रचना सांगायला हवी. नंदकिशोरांची पाठ स्वयंपाकघराच्या दाराकडे. त्यांच्या डाव्या हाताला रत्नप्रभा. समोरची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि रिकामी. तिच्यावर ती वाळलेल्या कपड्यांची चवड ठेवायची.

एका दुपारी ती चहा गाळून बाहेर आली, तर कपडे दिवाणावर होते. चवड मोडलेली नव्हती. आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला, त्या समोरच्या खुर्चीपुढे, तीन अक्षरं मांडलेली होती. नंदकिशोरांच्या बाजूने ती उलटी दिसत होती. सरळ दिसायची ती फक्त त्या खुर्चीतून.

त्यांचा डावा हात तिथवर पोचत नव्हता, आणि धरल्याशिवाय त्यांना उभं राहता येत नव्हतं. कामवाली सकाळीच येऊन गेलेली. रत्नप्रभाच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने तिला गप्प बसवलं. आपणच कपडे उचलले असतील, आपणच अक्षरं सांडली असतील, हल्ली आपलं तरी डोकं कुठे ठिकाणावर आहे, असं म्हणून तिने ट्रे ठेवला.

"सांजवेळ," नंदकिशोर म्हणाले. अगदी स्वच्छ म्हणाले.

उलटी मांडलेली अक्षरं होती ज, व आणि ळ.

४

पुढे ते रोजचंच झालं. ती चहाला आत गेली की बाहेर लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज यायचा, तीनदा. मग शांतता. ही शांतता तिला ठाऊक होती, शब्द शोधणाऱ्या माणसाची असते ती. मग त्यांचा आवाज, एक शब्द. मग पुन्हा शांतता, आणि ती मात्र वेगळी. शब्द मिळाल्यावर समाधानाने कुणी मान डोलवावी एवढ्या लांबीची.

काही शब्द तिने फक्त आजीच्या तोंडी ऐकलेले. काही कुणाच्याच नाही. पण ऐकले की कळायचे. वाळत घातलेल्या साडीतून ऊन आत येतं त्या उजेडासाठी एक शब्द होता. कुणी गेल्यावर त्याच्या कपाला आपण चुकून हात लावतो, त्यासाठी एक. ती ओट्याला धरून ऐकत राहायची आणि चहा उतू जायचा. संध्याकाळपर्यंत ते शब्द तिच्या मनातून पुसले जायचे. फक्त काहीतरी मोठं ऐकलं होतं, एवढं उरायचं.

तिने एकदा विचारलं, अक्षरं तुम्ही मांडता का. त्यांनी मान हलवली, नाही. मग कोण, तर त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बघितलं. साहेबांकडे बघावं तसं नाही, देवाकडे बघावं तसंही नाही. ज्याच्याकडून शिकतोय त्याच्याकडे बघावं तसं.

रुचिता सगळी प्रगती बघून थक्कच झाली. "काका तर कमाल करतायत. मला विश्वासच नाही होत." बोलता बोलता ती त्या खुर्चीवर बसली आणि बसल्या बसल्या उठून दिवाणावर गेली. खुर्चीवर ऊन लागतं, म्हणाली. रत्नप्रभाने खिडकीकडे पाहिलं. ऊन त्या भिंतीवर कधीच येत नव्हतं.

तिला भीती वाटायला हवी होती, आणि ती वाटावी म्हणून ती मनाला बजावतही होती. पण खरं सांगायचं तर तिला मत्सर वाटला. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ती त्या रिकाम्या खुर्चीला मनातल्या मनात म्हणाली. आणि म्हटल्यावर लगेच तिने जीभ चावली, कारण त्या खोलीत असं बोलणं पायात चपला घालून गाभाऱ्यात जाण्यासारखं वाटलं.

५

ळ तिनेच आणला होता, हे नंतर तिच्या लक्षात आलं.

डिसेंबरातली कोवळी थंडी. रत्नप्रभा त्या दिवशी आत गेलीच नाही, चहा आधीच करून ठेवला आणि डोळे मिटून शेजारी बसून राहिली. लाकूड टेकल्याचे आवाज आले. तिने डोळे उघडले. पलीकडच्या कडेला अक्षरं होती, उलटी. नंदकिशोर बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आपल्या बाजूला, डब्यातून काढून, उत्तर लावायला घेतलं. सगळ्यात आधी ळ ठेवला.

तो शेवटी जायचा, असं तिने त्यांना हसत सांगितलं. ळपासून मराठीत शब्द सुरू होत नाही हे बालवाडीतलं पोरही जाणतं. अक्षरांच्या तक्त्यावरसुद्धा त्याच्यापुढे बाळाचं चित्र असतं, कारण त्याच्या स्वतःच्या नावाने काही निघत नाही. नंदकिशोरांनी तिचा हात थोपटला आणि ळच्या मागे दोन अक्षरं लावली. ती दोन कोणती ते इथे लिहीत नाही. वाचणारा काना-मात्रा लावून बघितल्याशिवाय राहायचा नाही, आणि ते बरं नव्हे.

मग त्यांनी तो शब्द उच्चारला.

काहीही पडलं नाही, फुटलं नाही. मंदिराकडे जाणाऱ्या रिक्षांचे हॉर्न वाजत होते तसे वाजत राहिले. पण रत्नप्रभाला तो शब्द कळला. एखादं नाव ओठांवर असतं आणि येत नाही. तेवढा वेळ ते कुणाजवळ असतं? तो शब्द म्हणजे त्याचं नाव होतं. ज्याच्याजवळ सगळ्यांचे विसरलेले आणि अजून कुणालाच न सुचलेले शब्द असतात, त्याचं. इतक्या भाषा झाल्या, इतकी माणसं बोलून गेली आणि त्याला कुणी नावाने हाक मारली नव्हती, कारण ते नाव ज्या अक्षराने सुरू होतं ते कुणी पुढे बसवलंच नव्हतं.

समोरच्या खुर्चीचं लाकूड करकरलं. हाक ऐकून कुणी सावरून बसावं, तेवढंच.

रत्नप्रभाचे हात आपोआप जोडले गेले. शब्द ती लगेच विसरली, आणि विसरली याचं तिला बरं वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी तिने डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. बाई शहाणी होती. जे आपल्या मापाचं नाही ते घरात ठेवू नये, एवढं तिला कळत होतं.

नंदकिशोरांनी काही मागितलं नाही. चार वाजता ते टेबलाशी बसायचे आणि समोर बघत राहायचे. हळूहळू डोळ्यांतलं बोलणंही गेलं. घास भरवला तर गिळायचे, नाही भरवला तर तसेच. तिने त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, मी कोण, सांगा बरं. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर शोधलं. खूप प्रामाणिकपणे शोधलं, आणि मिळालं नाही. रत्नप्रभा बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

डबा तिने परत आणला. आणि आणता आणता तिला एक गोष्ट उमगली. ती शेजारी बसून अक्षरं देत होती, म्हणून तिच्या अ आणि गला उत्तर येत नव्हतं. आता ते उत्तर द्यायचे फक्त समोरच्या खुर्चीला. 'अगं' हवं असेल तर ते तिथूनच मागावं लागणार होतं.

७

संक्रांतीला जयपूरचं आभाळ पतंगांच्या मालकीचं असतं. गच्चीगच्चीवर स्पीकर, 'वो काटा'च्या आरोळ्या, मांज्याने कापलेली बोटं. रत्नप्रभाने सकाळीच तिळगूळ केला होता. चार वाजता तिने चहाचं आधण ठेवलं, गॅस बारीक केला आणि बाहेर आली. स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा तिच्यामागे हलून थांबला.

ती समोरच्या खुर्चीपाशी गेली आणि तिने चपला काढल्या.

"मला बसू द्या जरा," ती खुर्चीला म्हणाली. "एवढा एक डाव. माझं फार अडलंय."

आणि बसली.

बाहेरचा गोंगाट कमी झाला नाही, तो गेला. खिडकीत पतंग गोते खात होते, समोरच्या गच्चीवर माणसं तोंडं उघडून ओरडत होती, आणि आवाज नव्हता. खुर्ची उबदार होती. रत्नप्रभाने पाठ टेकायला घेतली तर पाठीला भिंत लागेना. ती भिंत तिने स्वतः कितीदा पुसली होती, खुर्चीपासून वीतभरही दूर नव्हती. आता मागे मोकळं होतं, फार मोकळं. आणि त्या मोकळ्यात जिथवर जाणवत होतं तिथवर काहीतरी दाटीने उभं होतं, गप्प, आपलं अक्षर कधी मांडलं जाईल याची वाट बघत.

तिने वळून पाहिलं नाही. तिचे डोळे भरून आले. एवढं अफाट काही आपल्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसत होतं, आणि आपण त्याच्यावर कपड्यांची चवड ठेवत होतो.

मग तिने हात पुढे केला आणि अ ठेवला, त्याच्या शेजारी ग ठेवला.

नंदकिशोरांनी अक्षरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ज्याच्याकडून शिकतोय त्याच्याकडे बघावं, त्या आदराने. बायकोकडे कुणी असं बघत नाही. रत्नप्रभाला ते खटकलं, पण तिला थांबायचं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. शोधण्याची ती ओळखीची शांतता गेली. त्यांचा चेहरा उजळला. आणि पूर्वी मारायचे तशी, मान थोडी मागे कलती करून, खांद्यावरून स्वयंपाकघराकडे त्यांनी हाक मारली.

"अगं, चहा झाला का?"

जाडपणा नाही, ओलेपणा नाही, त्यांचा खरा आवाज. किती महिन्यांनी आला तो. रत्नप्रभाचं काळीज निवलं. तिने ओ द्यायला तोंड उघडलं. ओ तिच्या ओठांवर होती, अगदी ओठांवर. आली नाही.

"आले हो," स्वयंपाकघरातून तिचाच आवाज म्हणाला. "गाळतेय."

मग बांगड्या वाजल्या, कपात चहा पडला, पावलं वाजली. आपली पावलं तिने कधी बाहेरून ऐकली नव्हती. डावं पाऊल थोडं घासत होतं. नंदकिशोर हसले, पूर्वीसारखे, ओठांच्या दोन्ही कडांनी. पडदा सरला आणि आधी ट्रे धरलेले हात आत आले, तिच्याच हिरव्या बांगड्यांचे.

"तिळगूळ आणलास ना, अगं?" असं विचारत नंदकिशोरांनी कपांना जागा करायला टेबलावरची अक्षरं गोळा केली आणि डब्यात टाकली. समोरच्या खुर्चीकडे मग कुणी बघितलं नाही.